पॉवरफ्लेक्सचे जांभळे बुश: जुन्या एमएक्स-५ चं वेगातलं डुलणं थांबवायचं असेल तर

पहिल्या पिढीची मॅझ्दा एमएक्स-५, म्हणजे एनए, ताशी १०० किलोमीटरच्या पुढे डुलायला लागली की मालक कॉइलओव्हरचे (स्प्रिंग आणि शॉक यांच्या उंची बदलता येणाऱ्या जोडसंचाचे) भाव बघायला लागतो. घाई करू नये. १९८९ ते १९९७ या काळातल्या या गाड्यांपैकी कित्येकींच्या आर्ममध्ये, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत, आजही कारखान्यातून आलेलंच रबर आहे. सांध्यातल्या या रबरी नळकांड्यालाच बुश म्हणतात. पॉवरफ्लेक्स कंपनीचा जांभळा पॉलियुरेथेन (थोडक्यात पॉली) संच नेमका या रबराच्या जागी बसतो. रस्त्यावर चालवायच्या एनएवर पहिला खर्च इथेच करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच: बसवणी आणि त्यानंतरचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोन्ही मन लावून व्हायला हवीत.

आधी दुखणं बुशचंच आहे ना, हे पाहून घ्या. गाडी स्टँडवर चढवा, आर्म आणि सबफ्रेम (आर्म ज्याला जोडलेले असतात तो सांगाडा) यांच्या मध्ये लहान पहार घाला आणि हलका जोर द्या. चांगलं रबर दबतं आणि जागेवर येतं. गेलेल्या रबरात मधली लोखंडी नळी एका बाजूला बसलेली दिसते, कडेने भेगा असतात, आणि पहार हलवली की आर्म टक्कन मागेपुढे होतो. मग चाक वरून-खालून धरून हलवा, डावी-उजवीकडून धरून हलवा. बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड यांपैकी कशात खेळ असेल तर आधी तो काढा. नवे बुश तो खेळ लपवणार नाहीत.

एनएला चारही चाकांना डबल विशबोन (एक वर, एक खाली असे दोन आर्म) आहेत, व्हीलबेस फक्त २,२६५ मिमी आणि वजन टनाच्या आसपास. एवढ्या आखूड, हलक्या गाडीत मागच्या चाकाचा टो (वरून पाहताना चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय) जरासा बदलला तरी लगेच जाणवतं. १४ इंची रिमवर १ मिमी टो म्हणजे सुमारे ०.१६ अंश. वेगात वळणावर असताना अॅक्सिलरेटर सोडला की आर्मवरच्या जोराची दिशा बदलते. रबर सैल असेल तर खालचा आर्म सरकतो, चाक क्षणभर बाहेरच्या बाजूला तोंड करतं आणि गाडीची पाठ निसटल्यासारखी वाटते. चालक स्टीअरिंगने ते सावरायला जातो आणि डुलणं वाढतं. स्टँडवर उभ्या गाडीचं अलाइनमेंट कितीही अचूक करा, चालत्या गाडीत ते टिकत नाही.

पॉलियुरेथेन इथे शोभतं याचं कारण भूमितीत आहे. विशबोनचा आर्म आतल्या बाजूला एकाच अक्षावर फिरतो. पॉलीचा बुश त्या अक्षाभोवती मोकळा फिरतो आणि बाकी दिशांना घट्ट राहतो. बीएमडब्ल्यू ई३६ च्या मागच्या ट्रेलिंग आर्मसारख्या जागी, जिथे बुशला तिरकंही वळावं लागतं, तिथे कडक पॉली आर्मला अडवतं. म्हणून ‘पॉली म्हणजे सुधारणा’ हा नियम सरसकट लावू नये. पॉवरफ्लेक्सची काळी मालिका जास्त कडक आणि ट्रॅकसाठी आहे. रस्त्यावर जांभळीच घ्या.

बसवताना सगळा वेळ खातात ते जुने बोल्ट. खालच्या आर्मच्या आतल्या टोकांना पुढे-मागे दोन्हीकडे एक्सेंट्रिक कॅम बोल्ट, म्हणजे फिरवले की आर्म थोडा सरकवणारे बोल्ट, आहेत. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) आणि पुढचा कास्टर (बाजूने पाहताना स्टीअरिंगच्या अक्षाचा कल), तसंच मागचा टो त्यांवरच जुळतो. हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो, पण बोल्ट फिरवला की नळी आणि रबर दोन्ही सोबत पिळतात. चार दिवस आधीपासून गंजनाशक मारत राहा. तरीही हलला नाही तर नळी आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून कापा. ब्रॅकेटला पातं लागू देऊ नका. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच नवे कॅम बोल्ट हाताशी असावेत. मागच्या अपराइटच्या (चाकाचं हब धरणाऱ्या भागाच्या) तळातून आरपार जाणारा लांब बोल्टही असाच हट्टी असतो. हातोड्याने ठोकून त्याचं टोक फुलवलं तर काम दुप्पट होतं.

जुन्या बुशचं बाहेरचं लोखंडी कवचसुद्धा निघायला हवं. प्रेस सर्वांत बरा. नसेल तर कवच आतून करवतीने चिरा, पण आर्मच्या भोकाला ओरखडा येण्याआधी थांबा. रबर जाळून काढू नका, धूर घातक असतो. भोक एमरीने स्वच्छ करा. नवे दोन अर्धे बुश बाकाच्या शिकंज्यात दाबून बसतात. स्टेनलेसची नळी शेवटी.

ग्रीसवर कंजुषी केलीत तर पॉली चिरचिर करणारच. बुशच्या भोकाच्या आत, नळीच्या बाहेरून आणि बुशच्या कडेच्या सपाट चकतीवर, तिन्ही ठिकाणी सिलिकॉन ग्रीस लावा. चकती बहुतेक जण विसरतात, आणि आवाज तिथूनच येतो. साधं पेट्रोलियम ग्रीस चालणार नाही.

रबरच बसवणार असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: शेवटची पकड गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच द्या. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉली मोकळं फिरत असल्याने त्याला ही अडचण नाही.

अलाइनमेंट करताना चालकाच्या सीटवर त्याच्याइतकं वजन ठेवा. रस्त्यासाठी पुढे कॅम्बर उणे १ अंश, कास्टर ५ अंशांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखा, एकूण टो शून्य ते १ मिमी आत. मागे कॅम्बर उणे १.५ अंश आणि एकूण टो २ ते ३ मिमी आत. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा थोडा जास्त आणि मागचा टो आतल्या बाजूला, वेगातला निश्चिंतपणा या जोडीतून येतो. मागचा टो शून्यावर आणला तर गाडी वळायला चपळ होते, पण लांब वेगवान वळणात अंगावर येते.

संच बसल्यावर स्टीअरिंगचं पहिलं उत्तर ताबडतोब मिळतं आणि ब्रेक दाबताना नाक सरळ राहतं. बदल्यात खडबडीत रस्त्याची बारीक थरथर वाढते. मोठे खड्डे मात्र शॉक आणि स्प्रिंगच झेलतात, त्यात फारसा फरक पडत नाही. पाणी-चिखलात रोज फिरणाऱ्या गाडीला दर थोड्या वर्षांनी बुश उघडून पुन्हा ग्रीस लागतं. ज्यांना ते नको, त्यांनी नवं कारखान्याचं रबर घ्यावं. शांत गाडीसाठी तो निर्णय अजिबात कमी नाही.

शॉक गळत असतील तर तेही बदला. गाडी फार खाली बसवू नका, एनएच्या चाकांना वर-खाली हलायला मुळातच जागा कमी आहे आणि बंप स्टॉपवर (त्या हालचालीच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर) टेकलेलं चाक वळणात एकदम उडी मारतं. फक्त मागचा जाड अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) घालणं ही स्थिरतेच्या उलट दिशेची खरेदी आहे.

एवढं सगळं करूनही ताशी १०० च्या सुमाराला स्टीअरिंग थरथरत असेल तर दोष बुशचा समजू नका. कंपनीची नसलेली, बाजारातली चाकं लावली असतील तर हबच्या ५४.१ मिमी व्यासाला बसणारी रिंग आहे का ते बघा, आणि चाकं पुन्हा बॅलन्स करून घ्या.