सुरी झकास, पण वेळ पाळत नाहीत (४ स्टार)

उद्यमनगरात एका बोळात लोहारकाम करणारे एक मामा आहेत. नाव टाकत नाही, त्यांनीच बजावलंय, आधीच ऑर्डरी उरकंनात, आणि गर्दी नको. माझी छोटी मेस आहे, बुधवार-रविवार मटण, त्यासाठी त्यांच्याकडनं आठ इंची सुरी करून घेतली, १८०० रुपये. सहा महिने रोज वापरून मग लिहितोय.

आधी तक्रार. पंधरा दिवस म्हणाले आणि लावले दोन महिने, फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर नुसतं बघत बसतात. शिवाय हे स्टेनलेस नाही, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातलं पोलाद आहे, लिंबू कापून तशीच ठेवली की सकाळी गंज. पुसून तेलाचा हात लावायचा, नाहीतर घेऊच नका.

पण काम बघायला एकदा जावाच. पातं भट्टीत लाल झालं की चुंबक लावून बघतात, ते चिकटायचं बंद झालं की अजून थोडं तापवून, पातं कडक व्हायला तेलात बुडवतात. तेलात बुडवलं तरी म्हणायचं 'पाणी दिलं' हं! एवढ्यावर सोडलं तर पातं काचेसारखं तडकेल, म्हणून घासून परत हळूहळू गरम करायचं, गवती पिवळा रंग चढला की थांबायचं. सगळा खेळ त्या रंगावर.

त्यांचा भाचा एकदा मोबाईलवर दाखवत होता, अमेरिकेत १९७६ पासून लोहारांची एक सोसायटी आहे, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. तिथं पहिली पायरी चढायची तर आपण घडवलेल्या सुरीनं लोंबता इंचभर जाड दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाची फळी दोनदा तोडायची, एवढं करून त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून पातं ९० अंशात वाकवायचं, तुटलं तर नापास. त्यानंतर पाच सुऱ्या मास्टर लोहारांसमोर मांडायच्या, ते बघून ठरवणार. मामा म्हणाले, "वाकवून दावली तर गिऱ्हाईक पैसं परत मागंल की!"

पण परीक्षा त्यांचीपण झाली. मी सुरी घेऊन नेहमीच्या खाटकाकडं गेलो होतो, तिथं त्याचे सत्तूर करून देणारा दुसरा लोहार बसला होता, म्हातारा, तोंडाचा एकदम कडू, कुणाला चांगलं म्हणणारा माणूस नव्हे. त्यानं न विचारता सुरी घेतली, नखानं टिचकी मारून कानाशी धरली, उजेडाकडं धार करून एक डोळा मिटून बघितलं, अंगठा आडवा फिरवला. "पाणी बरोबर हाय. कुणाचं?" सांगितलं. "व्हय, त्येचंच असणार." आणि सुरी परत देताना, "मूठ जाड केलीया मातूर."

मी मामांचं कौतुक शंभर वेळा केलं असेल, दरवेळी नुसतं "बरं". हे सांगितल्यावर मात्र घण थांबला. "पाणी बरोबर म्हनला? त्यो?" दोनदा विचारलं. मग हात पुढं करून, "आन ती इकडं," आणि कानस घेऊन तिथंच मूठ बारीक करायला बसले, भट्टीवरचं दुसऱ्याचं काम तसंच ठेवून.

पैसे घेतले नाहीत. माझी अडीच तास मेस बंद राहिली ते वेगळं.