डोळ्यामागची गाठ: हिमॅन्जिओमा की रॅब्डोमायोसार्कोमा?

तान्ह्या बाळाच्या पापणीवर काही आठवड्यांतच लालसर, मऊ फुगवटा आला आणि रडताना तो आणखी टरारला, तर बहुधा हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी, कर्करोग नसलेली गाठ असते. पहिल्या वर्षात वाढते, मग हळूहळू ओसरते. नजर झाकली जात असेल तर प्रोप्रॅनोलॉल देतात. मूळचं हृदयविकाराचं हे औषध २००८ पासून इथे वरदान ठरलंय.

रॅब्डोमायोसार्कोमा मात्र कर्करोग. ७-८ वर्षांचं हसतंखेळतं मूल, आणि बघता बघता एक डोळा पुढे आलेला. घरचे म्हणतात, ‘चेंडू लागला असेल.’ त्या समजुतीत आठवडे घालवू नका, हे कळकळीने सांगते. लगेच एमआरआय, बायोप्सी. पूर्वी डोळ्यासकट अख्खी खोबण रिकामी करत. आता गाठ खोबणीपुरतीच असेल तर केमोथेरपी आणि रेडिएशनने १० पैकी ९ मुलं वाचतात, बहुतेकांचा डोळाही राहतो.