दारं धरायला कोणत्या फौजेचा बूट?

रात्रीच्या लाईटवर दारं धरायची, म्हणजे मोटार चालू करून पिकाला पाणी द्यायचं, अन्‌ काळ्या रानात पायाखाली काय वळवळेल याचा नेम नाही. म्हणून बूट घ्यायला परभणीच्या बाजारात गेलं, की दुकानदार हरेक जोड ‘फौजी माल’ म्हणून पुढं सरकवतो. कोणत्या फौजेचा, ते बघा. प्रत्येक फौजेनं बूट बेतला तो आपल्या मातीला, हवेला आणि हाताशी असलेल्या चामड्याला.

ब्रिटिशांचा अम्युनिशन बूट घोट्याएवढा. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल. पक्क्या रस्त्यावर मैलोन्‌मैल चालायला तोड नाही, ओल्या रानात मात्र गाळ वरून आत. पुढं आला डीएमएस, म्हणजे चामड्यावर थेट ओतलेला रबरी तळ. भरतीवाली पोरं याच नावाच्या बुटावर जीव टाकतात. पण १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश जवानांचे पाय याच जातीच्या बुटात ओलीनं खराब झाले.

जर्मनांचा पोटरीएवढा बूट काट्याकुट्याला झकास, पण चामडं फार खातो. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आधी त्याची उंची घटवली, मग घोट्याचे बूट वाटले. १९४१ च्या रशियन हिवाळ्यात तर बेतशीर मापामुळं आत दुसरा मोजा बसेना आणि तळाचे खिळे गारठा आत ओढत.

रशियन शिपाई मोठ्या मापाचा उंच बूट घालून पायाला फडकं गुंडाळायचा. पावलाकडचं टोक भिजलं, की फडकं उलटून कोरडं टोक पावलाला. चामड्याचा तुटवडा पडला तेव्हा थरांच्या सुती कापडावर रबर चढवून त्यांनी ‘किर्झा’ काढला. दिसायला ओबडधोबड, पण मला सगळ्यांत शहाणा वाटतो तो हाच.

अमेरिकेचा व्हिएतनाममधला जंगल बूट वेगळ्याच विचाराचा: पाणी आत येणारच, तर ते निघून जावं. म्हणून वर कापड आणि आतल्या अंगाला पाणी निथळायला भोकं.

तर रात्री दारं धरायला साधा गमबूटच घ्या, एक नंबर मोठा, आत रशियन पद्धतीचं फडकं. दिवसाच्या खुरपणीला कापडी जंगल बूट. उन्हाळ्यात गमबुटात पाय उकडून निघतो. डीएमएस भरतीच्या पोरांना राहू द्या. अन्‌ फडक्याला नवं कापड फाडू नका, आज्याचं जुनं धोतर मऊ असतं.