कासवाचा इंदुरी हिवाळा: दिवा की फ्रीज?

तुमच्याकडे हॉर्सफील्ड, हर्मन किंवा ग्रीक कासव असेल आणि तुम्ही इंदुरात राहत असाल, तर नोव्हेंबर लागला की ठरवावंच लागतं: यंदा त्याला दिव्याखाली जागं ठेवायचं की फ्रीजमध्ये शीतनिद्रा, म्हणजे थंडीतली गाढ झोप, द्यायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आमच्या दगडूच्या, म्हणजे आमच्या हॉर्सफील्डच्या, अनुभवावरून मी एका बाजूला झुकलो आहे. पण दिवा निवडणारे चुकतात असं मला म्हणायचं नाही. घर, खोली आणि खुद्द कासव यांवर बरंच अवलंबून असतं.

बाकीच्या जातींसाठी हा प्रश्नच नाही. सल्काटा, लेपर्ड, रेड-फूटेड ही उबेतली कासवं. ती शीतनिद्रा घेत नाहीत आणि त्यांना फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. आपलं स्टार कासवही असं झोपत नाही, शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली ते घरी बाळगणं हा गुन्हा आहे. हॉर्सफील्डसारख्या परदेशी कासवांची २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती राहिली असेल तर आधी ती करा, फ्रीजचं नंतर बघा.

खोक्यात माती भरून गार खोलीत ठेवायचं, ही तिसरी पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती इंग्लंडसारख्या देशात चालते, कारण तिथे दुपारही गारच असते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास आणि दुपारी २५-२६ वर. शीतनिद्रेला अहोरात्र ५ अंशांच्या जवळपास तापमान लागतं. १०च्या वर गेलं की कासव चाळवतं आणि अंगातला साठा जाळायला लागतं. ग्वाल्हेरची पहाट आपल्यापेक्षा गार, बडोद्याची दुपार आपल्यापेक्षा उबदार, पण खोक्याच्या हिशेबाने तिन्ही गावं सारखीच. म्हणून खोकं मी सोडून देतो.

दिव्याची पद्धत सोपी वाटते आणि सुरुवातीला ती असतेही. एका टोकाला ३०-३५ अंशांची ऊब, यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) नळी, रोज १२ तास उजेड. कासव खातं, फिरतं, डोळ्यांसमोर राहतं. कासव आजारी, अशक्त किंवा नुकतंच घरी आलेलं असेल तर दुसरा विचारही करू नये. एखादा हिवाळा जागेपणी गेला म्हणून निरोगी कासवाचं काही बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझं अडलं ते रात्रीपाशी. आमचं घर रामबागेतलं, जुनं. जाड भिंती, शहाबादी फरशी, उंच छत. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, माणसांना कितीही सुखाची असो, उघड्या पेटीतल्या कासवाला ती सोसत नाही. दिवा बंद झाला की तासाभरात पेटी गार पडायची. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वर टांगला, तर त्याची ऊब छताकडे निघून जायची. पेटी झाकली तर आत दमट, कोंदट व्हायचं. मग सुरू झालं ते मला सगळ्यात खुपलेलं. दुपारी दगडू बाहेर यायचा, दोन पावलं टाकून डोळे मिटून बसायचा. जास्वंदीची पानं समोर तशीच सुकायची. संध्याकाळी कोपऱ्यातली माती उकरत राहायचा, जणू खाली कुठेतरी जायचंच आहे. दिव्याचे तास वाढवले, ऊब वाढवली. चार दिवस खाल्लं, पुन्हा बंद. खिडकीतून दिवस लहान झालेला त्याला कळत असावा, असं मला वाटतं.

ही ना धड जाग, ना धड झोप, हीच खरी धोक्याची. १२-१५ अंशांत अन्न पचत नाही, ते आतड्यात पडून राहतं. शरीर मात्र साठा खर्च करत असतं. प्रतिकारशक्ती उतरते, नाक वाहायला लागतं. ज्यांची खोली लहान आहे, नीट बंद होते आणि रात्रीही १८-२० अंशांवर राहते, त्यांना हा त्रास कदाचित होणार नाही. आमच्या घरात तो प्रत्येक थंडीच्या लाटेबरोबर परत यायचा.

फ्रीजचं नाव काढल्यावर आईने एकच अट घातली: स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये जनावर ठेवायचं नाही. अट रास्तच आहे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि घरच्या फ्रीजचं दार दिवसातून इतक्यांदा उघडतं की आतलं तापमान स्थिर राहतच नाही. वेगळा फ्रीज घ्यायचा तर मला साधा एकदारी बरा वाटतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमधला पंखा हवा कोरडी करतो आणि झोपलेल्या कासवाला तहानेचा धोका थंडीपेक्षा कमी नसतो. एकदारीतही बर्फाच्या कप्प्याखाली आणि मागच्या भिंतीलगत फार गार असतं. कासवाचा डबा मधल्या जाळीवर, भिंतीपासून सुटा ठेवावा. तापमान शून्याखाली गेलं तर डोळे कायमचे जाऊ शकतात.

एकदारी फ्रीजच्या बटणावर अंश लिहिलेले नसतात, नुसते आकडे असतात. शिवाय बाहेरची थंडी वाढली की त्याच आकड्यावर आतला गारठाही वाढतो. म्हणून बटणावर भिस्त ठेवू नका. बाहेरून लावायचा तापमान-नियंत्रक मिळतो: त्याची तार कासवाच्या डब्याजवळ सोडायची आणि फ्रीजची वीज त्याच्यामार्फत द्यायची. सोबत कमाल-किमान दाखवणारा, गजर असलेला थर्मामीटर. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज गेली तरी बंद दाराआड गारवा बराच वेळ टिकतो. वीज जाण्याची मला सर्वात धास्ती होती. प्रत्यक्षात पारा ३ ते ७च्या बाहेर गेला नाही.

दार रोज एकदा उघडून हवा बदलायची, कारण रबरी पट्टीमुळे फ्रीज हवाबंद असतो. आठवड्याला वजन करायचं. निरोगी कासव महिन्याला साधारण १ टक्का घटतं. ८०० ग्रॅमचं असेल तर ८ ग्रॅम. एकूण घट ८-१० टक्क्यांकडे जायला लागली, किंवा डब्यात लघवी दिसली, तर त्याच दिवशी उठवायचं, कारण लघवीबरोबर साठवलेलं पाणीही गेलेलं असतं. कासव झोपवण्याइतकं धडधाकट आहे का हे पाहायला वजन आणि लांबीचं जॅक्सन गुणोत्तर बरेच जण वापरतात, पण ते ग्रीक आणि हर्मनसाठी बेतलेलं आहे. हॉर्सफील्डला लावू नका.

खरी मेहनत झोपेआधीची. महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवा. इंदुरात कासवांचा सराव असलेले डॉक्टर सहज सापडत नाहीत, तेव्हा जवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करायला हरकत नाही. झोपेआधी ३-४ आठवडे खाणं बंद, पण ऊब चालू, म्हणजे पोट पूर्ण रिकामं होतं. रोज कोमट पाण्यात बसवायचं, म्हणजे ते पाणी पिऊन घेतं. पोटात राहिलेलं अन्न सडतं आणि कासव त्यानेच दगावतं. त्यानंतर उजेड आणि ऊब हळूहळू कमी करत न्यायची. इथे मात्र इंदुरची रात्र कामाला येते: सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूच्या (हिवाळ्यात तळून विकल्या जाणाऱ्या कंदाच्या) कढया लागल्या की आमच्या मागच्या खोलीत रात्री आपोआप हवा तेवढा गारवा असतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला झोपवलं की जानेवारीअखेर उठवायचं, असं माझं ठरलेलं आहे. प्रौढ कासव याहून जास्त झोपू शकतं, पण फेब्रुवारीत इथली हवा बदलते, मग लांबवण्यात मला अर्थ दिसत नाही. पहिलीच शीतनिद्रा असेल, किंवा कासव लहान असेल, तर ३-४ आठवडे पुरे. उठवल्यावर खोलीत काही तास, मग कोमट पाणी, मग दिवा. आठवड्यात खायला लागलं नाही तर डॉक्टर गाठायचे. दगडू पाण्यात मान घालून जे पितो, ते दिव्याखालच्या हिवाळ्यात मी कधी पाहिलं नव्हतं. फेब्रुवारीत तो जास्वंदीवर तुटून पडतो. मोजमाप म्हणून हे फारसं नाही, पण माझ्यासाठी तेवढं पुरेसं ठरलं.

खर्चाने कौल फिरेल असं मला वाटत नाही. १०० वॅटचा दिवा १२ तासांत १.२ युनिट खातो, रात्रीचा हीटर वेगळा. हिवाळ्यातल्या छोट्या फ्रीजला याहून कमी लागतं. फ्रीजची किंमत मात्र एकदम मोजावी लागते, आणि जुना घेतला तरी चालतो. फक्त तो ऑक्टोबरमध्येच घ्या आणि आत बाटल्या, डबा, माती आणि थर्मामीटर ठेवून निदान दोन आठवडे कासवाशिवाय चालवून पाहा. त्या काळात पारा ५च्या आसपास ठरला नाही, तर त्या वर्षी दिवाच लावा.