मार्चमधली एकच सकाळ: नांदूरमध्यमेश्वर की गंगापूरचा काठ?

पक्षी बघायला नाशिकहून बहुतेक मंडळी डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि थंडी ओसरली की दुर्बिणी कपाटात जातात. खरं तर परतीचा प्रवास होळीच्या मागेपुढे सुरू होतो. गर्दी कमी असते, पण जे पक्षी असतात ते विणीच्या रंगात यायला लागलेले असतात. तेव्हा एखादीच सकाळ हाताशी असेल तर पूर्वेला निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर गाठायचं की पश्चिमेला गंगापूर धरणाचा फुगवटा, हे आधी ठरवलेलं बरं. माझ्या मते याचं उत्तर कॅलेंडरच देतं. मार्चच्या मध्यापर्यंत नांदूरला जा, नंतर गंगापूरला.

नांदूरला गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. शंभराहून अधिक वर्षं त्यात गाळ साठत गेला. पाटबंधाऱ्यासाठी ती डोकेदुखी असली तरी पक्ष्यांची त्यामुळे चंगळ झाली. उथळ पाणी, मधे गाळाची बेटं, कडेला पाणवनस्पती. डोकं खाली आणि शेपूट वर करून चरणारी बदकं अशाच पाण्यात रमतात. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात इथे तलवार, थापटे, गार्गनी ही बदकं अजून थव्याने मिळतात. गार्गनीकडे नीट बघा. नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत जाणारी पांढरी भुवई आता लांबूनही उठून दिसते. पट्टकादंब मात्र नशिबावर आहेत. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे हे हंस तिबेट, मंगोलियाकडे वीण करतात आणि जाताना हिमालय ओलांडतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर त्यांची नोंद झाली आहे. होळीपर्यंत थांबलात तर बहुधा ते गेलेले असतात. चमचे, मोर शराटी, जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी या पक्ष्यांची चिंता नको, ते असतातच. दलदलीवर घिरट्या घालणारा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला की वारकऱ्यांचा अख्खा घोळका पाणी उडवत धावतो, ते दृश्य फुकट.

नांदूरची खरी अडचण आवर्तनाची आहे. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की ते इथे अडवून कालव्यांत वळवलं जातं, त्यामुळे पातळी उन्हाळ्यातही वरखाली होते. पाणी चढलं की बेटं बुडतात आणि चिखलात चोच खुपसणारे पाणटिवळे, तुताऱ्या, शेकाटे पांगतात. परवा पक्ष्यांनी भरलेला भाग आज नुसतं पाणी असू शकतो.

गंगापूरचं गणित उलटं आहे. मधलं पाणी खोल असल्याने बदकांची संख्या नांदूरच्या पासंगालाही पुरत नाही, आणि थवेच बघायचे असतील तर इथे येऊ नका. पण शहराचं पिण्याचं पाणी आणि सिंचन यामुळे साठा मार्चपासून हळूहळू उतरत जातो. सावरगाव-गंगाव्हरेच्या बाजूला काठ रोज थोडा उघडा पडतो, गाळपेऱ्याच्या जमिनीवर हिरवळ असते आणि तिथे म्हशी चरतात. त्या म्हशींच्या पायांशी पिवळे धोबी असतात. जनावराचं पाऊल पडलं की किडे उडतात आणि धोबी अगदी खुराजवळून ते टिपतो. हिवाळ्यात मळकट दिसणारा हाच पक्षी एप्रिलच्या सुरुवातीला पोटाखाली हळदीसारखा पिवळा होतो. कुणाचं डोकं राखाडी, कुणाचं काळं. एका थव्यात दोन-तीन प्रकारचे नर उभे असतात आणि कोण कुठला हे ठरवण्यात सकाळ निघून जाते. मला हा खेळ हजार बदकांपेक्षा आवडतो. सगळ्यांना आवडेलच असं नाही.

जोडीला चक्रवाकांच्या उशिरा निघणाऱ्या जोड्या, कंठेरी चिखले आणि नदी सुरय. सुरय इथलाच, पण त्याचीही वीण याच दिवसांत असते. चोच गर्द पिवळी, डोक्यावर काळी टोपी, आणि नर मासा आणून मादीपुढे धरतो. ती घेतेच असं नाही. वाटेत पळस-पांगारा फुललेला दिसला तर गाडी थांबवा. गुलाबी-काळ्या भोरड्या मध्य आशियाकडे निघण्याआधी फुलांवर तुटून पडलेल्या असतात.

सोयींच्या बाबतीत तुलनाच नको. नांदूरच्या काठावर चापडगावला मनोरे आहेत, गावातले तरबेज गाईड आहेत, त्यांच्याकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण असते. प्रवेश आणि कॅमेऱ्याचं शुल्क भरावं लागतं, पण आजी-आजोबा, मुलं, पहिल्यांदा येणारे पाहुणे बरोबर असतील तर दुसरा विचार करूच नका. पक्षी लांब असतात, म्हणून गाईड घ्याच. संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, सायखेडा करत जायचं आणि अंधारातच घर सोडायचं. वाटेवर उसाचे फड आहेत आणि या भागात बिबट्या नवा नाही, तेव्हा उजाडण्याआधी पायी भटकू नका.

गंगापूरला यातलं काहीच नाही. तुम्ही, साधी 8×42 दुर्बीण आणि काठ. शहरापासून जवळ असल्याने आठला सुरू करूनही हाती काही लागतं, आणि परतताना गंगापूर रोडला मिसळ होते, हा मुद्दा आमच्याकडे गौण धरत नाहीत. रविवारी मात्र सहलीवाले गाणी लावून बसतात, म्हणून जमल्यास आडवार निवडा. धरणाच्या भिंतीकडे कॅमेरा घेऊन जाऊ नये. एप्रिलमध्ये खडी-गोट्यांच्या पट्ट्यातूनही चालू नका. टिटवी आणि चिखले उघड्यावर अंडी घालतात आणि ती दगडांत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की आल्या पावली मागे फिरा.

दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट असेल तर नांदूर सकाळी, गंगापूर संध्याकाळी. उलटं नको. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या हवेमुळे स्कोपमधला लांबचा पक्षी थरथरायला लागतो. नांदूरला अंतर जास्त, त्यामुळे फटका तिथेच जास्त. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चापडगावच्या गाईडला फोन करून आवर्तन चालू आहे का एवढं विचारा. हो म्हणाला, तर तारीख कुठलीही असो, गाडी गंगापूरकडे वळवा.