सोफा-गालिचा धुण्याचं छोटं मशीन: दहा महिन्यांनंतर, आणि मुख्यतः त्याच्या नळीबद्दल

२०२५ साली गणपती २७ ऑगस्टला होते. २५ तारखेला सकाळी ओटीवरचा सोफा धुवायला काढला, तर मशीन पाणी फवारतंय, पण परत ओढून घेत नाही. सोफा चिंब, बाहेर पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईची सगळी माणसं दारात. तेव्हाच ठरवलं की सण आटोपला की या मशीनबद्दल सविस्तर लिहायचं.

गुहागरला समुद्राजवळ आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. चारही खोल्यांत कापडी सोफे, दोन खोल्यांत गालिचे, शिवाय गाडीच्या सीटा. आधी चिपळूणहून माणूस यायचा. एका फेरीचे १,८०० रुपये, आणि ऐन मे महिन्यात त्याची तारीख मिळायची नाही. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये १३,५०० रुपये मोजून हे हातात उचलून नेता येणारं मशीन घेतलं. वॅट किती, टाकी किती लिटरची, हे खोक्यावर असतंच, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

पहिले चार-पाच महिने मी खूश होते. आमच्याकडची तांबडी माती कापडात बसली की ब्रशने निघत नाही, उलट पसरते. मशीनने ती ओढली आणि मळक्या पाण्याची टाकी अगदी वीटकरी रंगाची झाली, ते पाहून सासूबाईसुद्धा उठून बघायला आल्या. फक्त आधी कोरडा व्हॅक्यूम फिरवलाच पाहिजे. वाळू आणि सुकी माती तशीच ठेवून पाणी मारलं तर आत चिखल होतो आणि तोंडाला वाळू अडकते. एकदा पाणी मारत हात फिरवायचा, मग पाणी बंद करून तीन वेळा नुसतं ओढायचं. या तीन वेळांचा कंटाळा करू नका. कापड किती तासांत वाळेल ते तिथेच ठरतं.

डागांचं थोडं सांगते, कारण मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत कॉफी आणि वाइन आहे, सोलकढी नाही. सोलकढी सांडल्यावर मी साबणाचं पाणी मारलं, तर गुलाबी डाग निळसर करडा झाला. आमसुलाचा रंग आंबटात लाल राहतो आणि साबणासोड्याने निळ्याकडे जातो. आधी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओढून घेतलं, मग नारळाच्या दुधाच्या तेलकटपणासाठी साबण, तेव्हा डाग गेला. हळदीचं असंच, सोड्याने ती लाल होते. तिला मशीनपेक्षा ऊन जास्त उपयोगी. मासळीचं पाणी किंवा रक्त असेल तर गरम पाणी अजिबात नको, डाग पक्का बसतो. बाकी तेलकट डागांना कोमट पाणी चांगलं, पण हे मशीन स्वतः पाणी तापवत नाही आणि उकळतं ओतलं तर आतले भाग खराब होतात. मी न्हाणीघरातल्या बंबाचं पाणी विसण घालून घेते.

साबणाबद्दल मी चुकले. कंपनीचं द्रावण महाग म्हणून घरची कपड्यांची पावडर वापरली. आमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, चिमूटभर पावडरीला डोंगराएवढा फेस येतो. मळक्या टाकीत एक तरंगता बोंडा असतो, टाकी भरली की तो वर येऊन हवेची वाट बंद करतो, म्हणजे पाणी मोटारीत जात नाही. फेसाने तो टाकी अर्धी रिकामी असतानाच वर येतो. मी समजले मशीन बिघडलं. आता द्रावणच आणते, पण सांगितलंय त्याच्या निम्मं घालते आणि शेवटी एक हात साध्या पाण्याचा मारते. साबण कापडात राहिला तर तिथेच पुन्हा मळ धरतो.

आता नळी. जानेवारीत कोणी विचारलं असतं तर नळीबद्दल मी एक शब्द बोलले नसते. तेव्हा खारा वारा असला तरी हवा कोरडी असते, वलणीवर टाकलेली चादर दोन तासांत वाळते. जून लागला आणि सगळं बदललं. नळी दीड मीटरची, आतून कंगोऱ्यांची, आणि मशीनला कायमची जोडलेली. प्रत्येक कंगोऱ्यात थेंबभर पाणी राहतं. कोकणातल्या पावसाळ्यात ते वाळत नाही, म्हणजे नाहीच. जुलैत एका खोलीचा सोफा धुतला आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी कुबट वासाची तक्रार केली. मी गादी बदलली, खिडक्या उघड्या ठेवल्या, कापूर ठेवला. मग नळीच्या तोंडाशी नाक नेलं. आत बॅटरीने पाहिलं तर काळी बुरशी. स्वच्छ करायच्या यंत्रानेच मी पाहुण्यांच्या सोफ्याला वास लावला होता. त्या कुटुंबाचे एका रात्रीचे पैसे मी परत केले.

म्हणून ज्यांना घ्यायचंय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: ओढ किती, ब्रश किती, ते नंतर. दुकानात नळी सुटी होते का ते स्वतः काढून बघा. टाकीच्या तोंडातून हात आत जातो का ते बघा. जे मशीन स्वतः वाळू शकत नाही ते किनाऱ्यावर घेऊ नका. पुण्याच्या घरात याच मशीनला कदाचित काही होणारही नाही.

माझा उपाय असा. काम झालं की कोमट स्वच्छ पाणी ओढायचं, मग तोंड वर धरून तीन मिनिटं नुसती हवा, आणि शेवटी घरच्या व्हॅक्यूमच्या ब्लोअरने नळीत पाच मिनिटं वारा. मग नळी खुंटीवरून खाली लोंबती ठेवायची, मशीनभोवती गुंडाळायची नाही. ऑगस्टपासून वास नाही. पण दर वेळी पाऊण तासाचं काम वाढलं.

पावसाळ्यात गादी तर मी धुतच नाही. फेब्रुवारीत सोफा सकाळी धुतला की संध्याकाळी बसता येतं, जुलैत पंखा लावूनही तीन दिवस. दोन दिवसांत कापड सुकलं नाही तर बुरशी धरलीच म्हणून समजा. आणि पुराच्या चिखलासाठी हे मशीन नव्हे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला माझ्या नणंदेच्या गाद्या गेल्या, त्या धुवायच्या नसतात, टाकायच्याच असतात.

परत २५ ऑगस्टकडे. सेवा केंद्राला फोन केला. आमचा पिनकोड त्यांच्या भागात येत नाही, मशीन कुरिअरने पाठवा, तीन आठवडे लागतील. चाळीस मिनिटं बोलल्यावर कळलं की मळक्या टाकीखालची रबरी रिंग गेली असावी, आणि ती सुटी मिळत नाही, अख्खी टाकी घ्या, १,६५० रुपये. एका रिंगेसाठी टाकी! हे मला अजून पटत नाही. किंमत एवढी घेता तर एवढी एक रिंग विकायला काय हरकत आहे?

ह्यांनी ती रिंग काढून शृंगारतळीला पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने मापाची दुसरी दिली, ३० रुपये. बसवली, सोफा दुपारी धुऊन झाला. एक खूण लक्षात ठेवा: मशीनचा आवाज चढला तर टाकी भरली किंवा फेस झाला. आवाज नेहमीचाच पण ओढ नाही, तर हवा कुठून तरी आत शिरतेय, आधी रिंग बघा.

खरं तर हे लिहायला बसले तेव्हा ‘घेऊ नका’ असंच लिहिणार होते. मग वहीत हिशोब पाहिला. चिपळूणच्या माणसाच्या सहा फेऱ्या वाचल्या, म्हणजे १०,८०० रुपये. वर्ष पुरं होईपर्यंत पैसे निघतील. लाईट गेली तरी आमच्या इन्व्हर्टरवर चालतं, ही मोठी सोय आहे. अमेरिकेतल्या भाच्याने तिथून चांगलं मशीन आणू का विचारलं होतं, नको म्हटलं, तिथलं १२० व्होल्टवर चालतं, इथे २३०, त्याच्यासोबत जड ट्रान्सफॉर्मर घेऊन खोल्याखोल्यांतून कोण फिरणार!

सध्या बदलणार नाही. त्याच मापाच्या आणखी दोन रिंगा आणून सुयादोऱ्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. नळी मागच्या पडवीत खुंटीला लोंबते आहे, दिवाळीच्या गर्दीआधी मोठा गालिचा काढायचाय.