अडचणीच्या वर्षी कॉलेजची फी: कुठलं दार आधी ठोठवायचं?

घरात अचानक पैसा थांबला आणि मुलाचं कॉलेज तर चालू ठेवायचंय, अशी वेळ आली की कोकणातल्या घरासमोर मोजक्याच वाटा असतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती, कॉलेजकडून फीचे हप्ते, बँकेचं शैक्षणिक कर्ज, सोनेतारण, एखाद्या ट्रस्टची किंवा मुंबईकर मंडळाची मदत, आणि आपत्ती आली असेल तर सरकारी नुकसानभरपाई. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. कोरोनाची दोन वर्षं, त्यात निसर्ग आणि तौक्ते ही वादळं, पुढे चिपळूणचा पूर, या काळात या सगळ्या वाटांवर पालकांना जाताना पाहिलं. तेव्हा जे लक्षात आलं ते आजही लागू पडतं. घरातल्या कर्त्या माणसाचं आजारपण असो नाहीतर आंब्याचं पीक गेलेलं वर्ष, कॉलेजच्या खिडकीशी प्रश्न तोच असतो.

तुलनेला एक माप हवं म्हणून आधी अमेरिकेकडे बघू. तिथे २७ मार्च २०२० ला केअर्स कायदा झाला आणि उच्च शिक्षणासाठी सुमारे १,४०० कोटी डॉलर बाजूला काढले गेले. कॉलेजला जो वाटा मिळेल त्यातला निदान अर्धा थेट विद्यार्थ्यांना रोख मदत म्हणून द्यायचा, अशी अट होती. डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये आणखी दोन कायदे होऊन ही रक्कम एकूण सुमारे ७,६०० कोटी डॉलरवर गेली. पैसे परत करायचे नाहीत, त्यावर कर नाही, आणि ते जेवण, भाडं, औषधपाणी, मूल सांभाळण्याचा खर्च अशा कशावरही चालत. अर्थात सगळं आलबेल नव्हतं. पहिल्या फेरीत परदेशी विद्यार्थ्यांना बाहेर ठेवलं होतं, म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेल्या मुलांनाही. मे २०२१ च्या नियमाने ते दार उघडलं.

यावरून चार प्रश्न घ्यायचे. पैसा हातात कधी येतो? परत करायचा का? फीशिवाय दुसऱ्या कशावर चालतो का? आणि कोण बाहेर राहतो? आपल्याकडच्या प्रत्येक योजनेला हेच विचारा. चारही प्रश्नांना चांगलं उत्तर देणारी एकही सापडत नाही, म्हणून एकावर विसंबायचं नाही आणि क्रम नीट लावायचा.

शिष्यवृत्ती: पैसा खरा, पण उशिरा

महाडीबीटीवरची बऱ्याच मुलांच्या उपयोगी पडणारी योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या गटातल्या मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा अर्धा भाग मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. त्यांच्यातल्याच, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार अशी रक्कम ठरली आहे. फीच्या पलीकडे, म्हणजे खोलीभाडं आणि मेस यांचा विचार करणाऱ्या ज्या थोड्या योजना आहेत, त्यात ही माझ्या मते सगळ्यात नेमकी. मात्र ज्या शहरात शिकता त्याच शहरातले रहिवासी असाल तर ती मिळत नाही.

परतफेड नाही, ही जमेची बाजू. अडचण वेळेची. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, मग विभागाच्या, मग पैसे दोन हप्त्यांत. पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत सत्र संपायला आलेलं असतं. अधेमध्ये कुठे अडकला तर विचारूच नका. एकदा एक मुलगी खिडकीशी आली, "मॅडम, फॉर्म परत इलो." उघडून बघितलं तर आधारवर आडनावाआधी वडिलांचं नाव पूर्ण आणि मार्कशीटवर नुसतं आद्याक्षर. तिचं बँक खातंही आधारला जोडलेलं नव्हतं, म्हणजे अर्ज मंजूर झाला असता तरी पैसे हवेतच राहिले असते. "आता काय करूचा?" आधी आधार केंद्र, मग बँक, मग पुन्हा अर्ज. चूक कुणाचीच मोठी नाही, पण महिना गेला.

दुसरी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो आणि संकट यंदाचं असतं. चिपळूणच्या बाजारपेठेत ज्याचं दुकान जुलै २०२१ मध्ये पाण्याखाली गेलं, त्याच्या दाखल्यावर आदल्या वर्षाचंच उत्पन्न येणार. मर्यादा ८ लाखांची असेल तर बहुतेक घरं तरीही बसतात. अडीच लाखांची असेल तर थोडक्यात हुकतात. त्यामुळे शिष्यवृत्तीला आपत्तीतली मदत समजू नका. ती नेहमीची योजना आहे, नेहमीच्या वेगाने चालते. अर्ज करायचाच, पण या महिन्याची फी तिच्या भरवशावर ठेवायची नाही.

हप्ते: फुकट मिळणारी वाट, आणि तीच कुणी मागत नाही

पालक खिडकीपर्यंत येतात, फीचा आकडा ऐकतात आणि माघारी वळतात. प्राचार्यांना एक साधा अर्ज लिहून हप्ते मागावेत असं बहुतेकांच्या मनातही येत नाही. लाज वाटते हेही खरं. पण व्याज नाही, तारण नाही, दाखले नाहीत आणि उत्तर बहुधा आठवड्याभरात मिळतं. एप्रिल २०२० मध्ये एआयसीटीई या केंद्रीय परिषदेने तंत्रशिक्षणाच्या संस्थांना टाळेबंदीत फीसाठी तगादा लावू नका असं कळवलं होतं. तो आदेश त्या काळापुरता होता, पण हप्ते पाडून देणं कॉलेजच्या अधिकारात आजही आहे.

अर्ज लिहिताना रडगाणं नको, तारखा लिहा. "सप्टेंबरपर्यंत अमुक, दिवाळीनंतर अमुक, उरलेली फेब्रुवारीत" असा अर्ज टेबलावर आला की त्यावर सही करणं सोपं जातं. शिष्यवृत्तीला पात्र असाल तर तसं त्यातच नमूद करा, कारण जी रक्कम शासन देणार आहे ती प्रवेशावेळी विद्यार्थ्याकडून घेऊ नये असे आदेश आहेत. आणि फी थकली म्हणून मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. प्रत्यक्षात काही ठिकाणी अडकवतात. तेव्हा तोंडी भांडत बसू नका, लेखी मागा.

या वाटेची उणीव एकच: हप्त्यांनी फक्त वेळ मिळतो. मेसचं बिल त्यातून भागत नाही.

बँकेचं कर्ज की सोनेतारण?

खरी ओढाताण इथे होते. कोकणातल्या बहुतेक घरांत पहिला हात कपाटाकडे जातो. पाटल्या नाहीतर मोहनमाळ घेऊन सकाळी पतपेढीत गेलं की दुपारपर्यंत पैसे हातात. कशासाठी हवेत ते कुणी विचारत नाही, त्यातून फीही भरता येते आणि मुलाच्या खोलीचं भाडंही. कोरोनाच्या वर्षी तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली होती, मार्च २०२१ अखेरपर्यंत. वेगाच्या बाबतीत सोनेतारणाचा हात दुसरं काहीच धरू शकत नाही.

पण व्याज पहिल्या दिवसापासून, मुदत थोडी, आणि नूतनीकरण राहिलं तर लिलावाची नोटीस. शिवाय पाटल्या आईच्या असतात आणि ठरवतात दुसरेच, हेही मी बऱ्याचदा पाहिलंय.

शैक्षणिक कर्जाचं उलट. हातात यायला वेळ लागतो, बँकेत चार खेपा होतात, कागद भरपूर. पण बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि पदरचा वाटाही घालावा लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर तोवरचं व्याज केंद्र सरकार भरतं. हे ज्याला लागू होतं त्याने सोनं मोडायचं किंवा तारण ठेवायचं काहीच कारण नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत तारण आणि जामीनदार दोन्ही नाहीत, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. पण ती ठरावीक संस्थांपुरतीच आहे. सुरुवातीची यादी ८६० संस्थांची होती, आणि तालुक्याच्या गावातलं संलग्न कॉलेज अशा यादीत सहसा नसतं. बँकेत जाण्याआधी यादी बघा.

माझं मत असं. अभ्यासक्रमाची दोन किंवा जास्त वर्षं उरली असतील तर शैक्षणिक कर्ज घ्या. शेवटचं वर्ष असेल, रक्कम लहान असेल आणि दोन-तीन महिन्यांत कुठून तरी पैसा नक्की येणार असेल, तर सोनेतारण. 'नक्की' म्हणजे आंबा विकला की, असं नव्हे. नक्की म्हणजे कुणाचा पगार, ठेवीची मुदत, मंजूर झालेली शिष्यवृत्ती.

जुनं शैक्षणिक कर्ज चालू असताना संकट आलं तर बँकेला आधी सांगा. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते थांबवायची सवलत मिळाली होती, पण व्याज थांबलं नव्हतं. व्याजावरचं व्याज पुढे सरकारने भरून दिलं, तेही २ कोटींपर्यंतच्या कर्जांना. "सवलत" ऐकून माफी समजलेले बरेच जण नंतर हिशेब बघून चक्रावले.

मंडळं, ट्रस्ट आणि नुकसानभरपाई

गावची मुंबईकर मंडळं, ज्ञातिसंस्था, माजी विद्यार्थी संघ यांच्याकडे पैसा असतो, पण त्यांची सवय गुणगौरवाची. पहिल्या तीन क्रमांकांना पाकीट, पुष्पगुच्छ आणि अध्यक्षांचं भाषण. साठ टक्केवाल्या मुलाची फी अडली आहे हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वाडीतला कुणी ओळखीचा चाकरमानी पदाधिकारी असेल तर गणपतीची वाट न बघता फोन करा, आणि पैसे परस्पर कॉलेजच्या खात्यात भरायला सांगा. देणाऱ्याला खात्री वाटते, घेणाऱ्याचा संकोच कमी होतो. ठरलं तर हा पैसा आठ-पंधरा दिवसांत येतो आणि परत द्यायचा नसतो. अमेरिकेतल्या त्या मदतीच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट हीच, फक्त ती हक्काची नाही.

नुकसानभरपाईबद्दल पालकांच्या फार आशा असतात. निसर्ग वादळानंतर फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार, दोन हेक्टरपर्यंत, असा वाढीव दर राज्याने जाहीर केला. पण पंचनामा होतो सातबाऱ्यावर, आणि आपला सातबारा म्हणजे आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुंबई-बडोद्याला गेलेली मुलं अशी नावांची माळ. बाग राखतो एक, नावं वीस जणांची, संमतिपत्रं गोळा करता करता सत्र संपतं. हा पैसा आला तर पुढच्या वर्षाच्या फीला ठेवा.

कोरोनाच्या खास मदतीतून कॉलेजची मुलं कशी सुटली तेही बघण्यासारखं आहे. दोन्ही पालक गमावलेल्यांसाठी केंद्राने पीएम केअर्समधून २३ व्या वर्षी १० लाख आणि राज्याने ५ लाखांची ठेव जाहीर केली, पण दोन्हीकडे अट १८ वर्षांखालील असण्याची. एस. वाय.ला, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा दोन्हींच्या बाहेर. त्याच्या वाट्याला आली ती कोरोना मृत्यूसाठीची ५० हजारांची मदत, जी सगळ्याच कुटुंबांना होती. सिंधुदुर्गात रेंजसाठी मुलं सड्यावर, म्हणजे उंच कातळाच्या माळावर, खोपी बांधून बसत होती, तेव्हा डेटा पॅक किंवा मोबाईलसाठी रोख देणारी एकही योजना मी खिडकीतून कुणाला देऊ शकले नाही. कॉलेजातच काम करून पैसे मिळवायची 'कमवा आणि शिका' योजना होती. पण कॉलेजच बंद, मग काम कुठलं.

आता क्रम सांगते. पहिल्या आठवड्यात हप्त्यांचा अर्ज आणि मंडळाला फोन. त्याच आठवड्यात आधार, मार्कशीट आणि बँक पासबुकावरची नावं जुळतात का ते बघून महाडीबीटीचा अर्ज. खर्च मोठा असेल तर बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशीही लगेच करा, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि आधीच भरून टाकलेल्या फीसाठी कर्ज द्यायला बँक नाखूश असते. सोनं शेवटी, तेही उरलेल्या फरकापुरतंच. दाखले काढताना एकाच खेपेत उत्पन्न, अधिवास आणि लागत असेल तर जातीचा दाखला असे तिन्ही काढा आणि डिजिलॉकर या सरकारी ॲपवर ठेवा. चिपळुणात पाणी ओसरल्यावर फाईलमधल्या मार्कशीटचा लगदा झालेली मुलं दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठाकडे अर्ज करत होती, आणि तोवर शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नव्हता.